बाकी मागं लिहिली आहे

श्रावस्ती म्हणाली, आत्या, हलू नकोस,
तुझं पात्र करायलेय.
मी कुठं हलतेय. ड्युटी संपवून
पाय पाटावर टाकून बसलेय.
हलते ती गाडी,
परभणी ते हिंगोली आणि परत,
झिरो फाटा, जवळा बाजार, औंढा,
घरी आल्यावरही पिंढऱ्यांत खडखडत राहते.

शाळेच्या गोष्टीला तिला नायिका पाहिजे.
मोबाइलात माणसं घडवायचं दुकान आहे म्हणे.
फुकटात सहा कातड्या, चार नाकं.
बाकी सगळ्याला बारकं पिवळं कुलूप.

नाक कसलं घेऊ?
चारही सरळ.
माझं जरा डावीकडं गेलेलं,
ब्रेक लागला तेव्हा दांडीनं वळवलेलं.
वाकडं कुलपातही नाही, म्हणाली.
पैसे भरले तरी नाही.

केस मोकळे फुकट, अंबाड्याला कुलूप.
पांढरे होतात, पण सगळे एकदम,
कानशिलापाशी तेवढेच, असं जमत नाही.
वय तिशीपर्यंत.
अगं, तिशीत तर मला बिल्ला मिळाला.
म्हणजे तुझी नायिका
गाडी फलाटाला लागायच्या आधीच संपली.

हातात द्यायला गिटार आहे,
कॉफीचा पेला आहे, मांजर आहे.
तिकिटाचं मशीन नाही.
चामडी बॅग नाही, आणि सुट्ट्यांच्या वजनानं
उजवा खांदा उतरतो
तो उतार नाही.
खाकी सापडली एक, शिकाऱ्याची, हॅटसकट.
तीही कुलपात.

हसू तीन प्रकारचं, फुकट.
राग पैशानं.
इथं मात्र मी खरंच हसले.
म्हणलं, पोरी, आमच्या गाडीत उलटं आहे,
राग जो तो फुकट देऊन उतरतो.

महिन्याला एकशे एकोणपन्नास.
मी मनातल्या मनात तिकिटं फाडली:
औंढ्याच्या तीन-चार बाया, अर्ध्या दरानं.
काही फार नाही.
तरी बोट पुढं जाईना, तिचंही, माझंही.

पुरतं का फुकटातलं?
जवळ्याहून लिंबाजीबाबा चढतात.
पंच्याहत्तरी पार, त्यांना तिकीट माफ.
माफ म्हणजे शून्याचं. तेही फाडावंच लागतं.
ते टोपीत खोचतात, दांडी धरतात.
खड्डे त्यांना तेवढेच बसतात,
औंढा तेवढाच येतो,
पैसे भरणाऱ्याला काही अगोदर येत नाही.
असंच सांगणार होते मी तिला.

पण मागं एकदा गर्दीत कुणीतरी बोललं,
फुकट्यांनी गाडी भरली सगळी.
बाबा काही म्हणाले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मूठ पुढं केली,
आत घामेजलेल्या नोटा, पूर्ण तिकिटाच्या.
घ्या म्हणाले.
कार्ड दाखवलं की मशीन शून्यच काढतं, बाबा,
मी काय करू?
ते हात तसाच धरून उभे राहिले,
थेट नागनाथाच्या कमानीपर्यंत.

हे मी तिला सांगितलं नाही.

पात्र झालं.
छातीवर आडवं कंपनीचं नाव, फिकट,
पुसता न येणारं.
श्रावस्ती वैतागली, सगळी घाण केली म्हणाली.
राहू दे, म्हणलं, तिथं बिल्ला असतो.
एवढी एकच जागा नेमकी जुळलीय.

पण ही तू नाहीस ना, आत्या.
नाही.
सरळ नाकाची, तिशीतली, हातात मांजर घेतलेली
कुणी परकी बाई,
सारखी हसतेय, जागा मिळाल्यासारखी.
मी चष्मा लावून नीट बघितलं तिच्याकडं.
कुठं उतरायचंय, विचार तिला.
बाई आहे, अर्धं तिकीट होईल.
मांजराचं बघू.
सुट्टे नसतील
तर बाकी मागं लिहून देते.