अकरा नंबर

मिनीनचा चेहरा मला फार उशिरा कळला.
आधी कळली पाठ.
पांढरा अकरा, एका एक्याची शिवण उसवलेली,
आणि त्याखाली घामानं काळवंडत जाणारा शर्ट.
नऊ हंगाम मी एवढंच वाचत होतो.

मी शिरोड्याचा, उजवा बॅक.
पोटासाठी शाळेत भूगोल शिकवायचो.
तो असोळण्याचा, डावा विंगर,
पोटासाठी बंदरावर गोणी मोजायचा;
मोजणीत कच्चा, असं मुकादम म्हणे.

त्याच्यापाशी एकच पाय होता, डावा.
उजवा नुसता उभं राहायला.
हे मासळी विकणाऱ्या बायकांनाही ठाऊक होतं.
"बाहेरून येतोय, मास्तर!"
माणसं मला रेषेपलीकडून ओरडून सांगत.
मलाही ठाऊक.
आणि तो बाहेरूनच जाई.
ठाऊक असण्याचा काहीएक उपयोग नसतो,
हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

खेळ शिकला तो कापणी झालेल्या खाजनात,
भाताचे खुंट तळपायांत मोडत.
एका अंगाला बांध, बांधापलीकडे साळ नदी.
नियम एकच:
ज्याच्या पायानं चेंडू पाण्यात जाईल
त्यानंच उडी मारायची.
मिनीनला पोहता येत नव्हतं.
लोक त्याला देवाची देणगी म्हणायचे.
पाद्री तर पेरीशच्या फेस्ताला तसं बोललेसुद्धा.

एकदा कलकत्त्याहून तार आली.
म्हणे, यानं आधी विचारलं,
मैदानाच्या कुठल्या अंगाला नदी आहे?
दोन हंगाम राहून परत आला.
आणलं काय, तर एक लोकरी मफलर.
गोव्यात मफलर!
तोच गळ्यात घालून त्या वर्षी
आमच्यावर तीन गोल करवले त्यानं,
स्वतः एकही न मारता.

मग वास्को. फायनल. त्र्याऐंशीवं मिनिट.
पेपरात आलं: ओल्या मैदानावर पाय घसरला.
मैदान कोरडं होतं.
खनिजाची लाल धूळ उडाली आमच्या दोघांभोवती,
आणि धुळीच्या आत
वाळका बांबू मोडावा तसं काहीतरी वाजलं.
शिट्टी नाही झाली.
मी हात वर केला होता,
थ्रो आमचा म्हणून.

एक्केचाळीस वर्षांनी गेलो, गेल्या महिन्यात.
मानशीवर बसला होता, जाळं दुरुस्त करत.
पंचायतीनं राखणीला ठेवलंय.
"दारं भरतीला आपणच मिटतात," म्हणाला,
"ओहोटीला आपणच उघडतात.
पगार कशाचा देतात, कोण जाणे."
बसमध्ये जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे,
शाळेत निरोपाचं भाषण करतात तशी.
तो खेकड्यांचा भाव सांगत राहिला,
बोटीवरच्या मुलाचं,
सुनेला इथली हवा कशी मानवत नाही ते.
गुडघा उन्हात लांब करून ठेवला होता
एखादं वल्हं वाळत टाकावं तसा.

मग अचानक:
"मास्तर, त्या दिवशी थ्रो आमचा होता."
एवढंच. आणि जाळ्याचा दोरा दातांनी तोडला.

परतताना बांधावरून निघालो.
वाट दोघांपुरती होती,
तरी मी अर्धं पाऊल मागेच, सवयीनं.
बनियनच्या पाठीवर आता काही लिहिलेलं नव्हतं.
"पोहायला शिकलास का रे शेवटी?"
"ना," म्हणाला मिनीन,
आणि लंगडत चालत राहिला
पाण्याकडच्या कडेनं.