सर्व बदल

जुन्या सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
माझी टपरी. आठ बाय पाच. त्यात प्रिंटर, मी
आणि गिऱ्हाइकासाठी एक उंच स्टूल.

संगणकात लिनक्स टाकून दिलं तेजलने, केटीएचएमला शिकते.
म्हणाली, काका, परवान्याचे पैसे भरत बसू नका,
हे फुकट आहे, आणि कुणा एकाचं नाही.
मग कुणाचं? तर म्हणे, सगळ्यांचं.
मी तीस वर्षं कोर्टाबाहेर बसतो.
सगळ्यांच्या नावावर असलेलं काहीही
मी अजून सुखाने नांदताना पाहिलेलं नाही.

पण चालतं. मेनूसुद्धा मराठीत.
फक्त वकिलांच्या फायली येतात त्या दुसऱ्या घरच्या,
त्यांना इथलं पाणी मानवत नाही.
स्वतःचा फॉन्ट सापडला नाही की मिळेल तो अंगावर घेतात,
जोडाक्षरं सुटतात, तक्त्याच्या रेघा लोंबतात,
दोन पानांचा दस्त तिसऱ्यावर सांडतो
आणि ‘लिहून देणार’ ही सहीची जागा
तिथे वरच्या कोपऱ्यात एकटीच जाऊन बसते.
मग मी समास ओढतो, अक्षर अर्ध्या पॉइंटने बारीक करतो,
रडक्या पोराला झबलं घालावं
तसा एकेक हात आत सारत.

मंगळवारी रत्नप्रभाबाई आल्या. पगार. माहेरच्या तिडके.
मखमलाबादच्या मळ्याचं हक्कसोडपत्र, पेन ड्राइव्हवर:
‘हक्कसोड_फायनल_नवीन_२’.
चार वाजता रजिस्ट्रारकडे जायचं होतं.
हातात भावाने दिलेल्या साडीची पिशवी,
दुकानाची पिनसुद्धा न काढलेली.

मी उघडलं
आणि अर्धं पान लाल झालं.

वकिलाच्या मशीनवर हे झाकलेलं असणार,
तिथे धुऊन वाळवलेला मजकूर तेवढा दिसतो.
इथे सगळंच वर आलं.
मधल्या परिच्छेदावर आडवी रेघ, रेघेखाली शब्द शाबूत:
पश्चिमेकडील अकरा गुंठे, विहिरीच्या निम्म्या पाण्यासह,
बहीण रत्नप्रभा हिच्याकडे राहतील.
पुढे, वकिलाच्या ऑफिसच्या निळ्या रंगात:
स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता.

मी स्क्रीन वळवायला गेलो.
स्टूल उंच आहे. त्यांचं वाचून झालं होतं.

“अकरा गुंठे कोणी लिहिलेले?”
फाइलीत नाव असतं. नरहरी तिडके, अकरा तारीख, दुपार.
“आणि खोडलं?”
नरहरी तिडके. सतरा तारीख, रात्री पावणेदोन.
“झोपला नसेल,” बाई म्हणाल्या.
बराच वेळ नुसता पंखा.

मी मेनू उघडला. त्यात दोन ओळी खालीवर:
सर्व स्वीकारा.
सर्व नाकारा.
त्यांनी चष्मा खाली ओढून मोठ्याने वाचल्या,
शाळेत उभं राहून वाचतात तशा.
इंग्रजीत असत्या तर मी बटण दाबून मोकळा झालो असतो,
आजवर किती वेळा झालोय.
“नाकारलं तर काय होतं?”
रेघ जाते. गुंठे परत येतात, कागदावर.
“आणि सातबाऱ्यावर?”
ते खातं वेगळं, म्हणालो.

“आहे तसंच काढा. रेघेसकट.”

माझा प्रिंटर काळा-पांढरा. लाल गेलं, निळं गेलं,
खोडलेलं आणि घातलेलं एकाच राखाडीत आलं.
मशीनने विचारलं, आधीच्याच स्वरूपात जतन करू की माझ्या?
मी खिडकी तशीच बंद केली.

तिसऱ्या पानावर फक्त सहीची जागा होती,
असल्या पानाचे मी पैसे घेत नाही.
त्यांनी तिन्ही पानांचे दिले,
कागद साडीच्या घडीत सारले.
रजिस्ट्रार डाव्या हाताला.
त्या तिकडे वळल्या, की मखमलाबादच्या रिक्षांकडे,
ते समोरच्या नोटरीच्या छत्रीमुळे दिसलं नाही.

तोवर स्टुलावर दुसरं कोणी बसलं होतं,
भाडेकरार, अकरा महिन्यांचा,
आणि फॉन्ट सापडत नव्हता.