पडला की काढला

शिरोड्यात मिठागराला लागून मैदान आहे,
त्याची एक बाजूरेषा मी चुन्याने आखतो
आणि खाडी पुसते.
एरवी मी बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या मोजतो,
रविवारी शिट्टी.

उत्तरार्धात सगुण केळुसकर उजवीकडून सुटला.
बूट थोरल्या भावाचे, भाऊ जहाजावर,
बूट दहा नंबरी, पाय आठचा,
टाचेशी परकराची चिंधी कोंबलेली.
मागच्याने टाचेवर पाय दिला, की चिखलानेच धरलं,
मला नीट दिसलं नाही.
बूट राहिला, सगुण पुढे गेला.

शिट्टी ओठांतच होती.
वाजवायला काय लागतं, नुसता श्वास.
पण नियम इथे थांबव म्हणत नाही.
नियम म्हणतो, चेंडू आत आहे तोवर
पळू दे त्याला, एक पाय बुटाचा, एक बिनबुटाचा.
तू फक्त एवढं बघ:
पडला की काढला?

पडला.

मोजा निळा, अंगठ्याशी फाटका.
त्या अंगठ्यानेच मारला त्याने.
गोलकीपर इनास बघत होता
चिखलातल्या एकट्या बुटाकडे,
जणू तोच उठून मारणार होता.
आमच्या गोलाला रापणीचं जुनं जाळं,
चेंडू त्यात बांगड्यासारखा अडकून राहिला.

मग सगळे माझ्या अंगावर.
"ओ रेफरी, तेच्या पायात बूट खंय हा?"
"असो गोल कसो धरतास?"
इनासचा काका कुंपणावरून ओरडला,
बर्फाचे पैसे यंदा विसर.
मी मधल्या रेषेकडे हात केला.

कोणाला सांगू, मलाही क्षणभर वाटलं होतं
की सुटलेलं आधी उचलावं माणसाने,
पळायचं ते मग.
मी तसाच. जत्रेत एक चप्पल गेली
तर दशावतार सोडून अंधारात चाचपत बसलेला;
राक्षस कधी आला, कधी मेला,
नुसती पखवाजावरून अटकळ.
चप्पलही मिळाली नाही.

गोल झाला म्हणजे चेंडू बाहेर गेला.
आता मात्र घाल, म्हटलं.
सगुण खाली बसला. नाडी मधोमध तुटलेली.
चड्डीच्या खिशातून त्याने नायलॉनचा दोरा काढला,
जाळं सांधायचा,
आणि ओली झाली की आणखी आवळते
ती गाठ मारली.
तपासायचं माझं काम. वाकून अंगठ्याने दाबून पाहिली.
नडगीला पॅड होतं, पण आत पुठ्ठा.
ते मी वहीत लिहिलं नाही.

कॉर्नरचा झेंडा एव्हाना घोटाभर पाण्यात.
इनासच्या बाजूने चेंडू मधोमध ठेवला
पण मारीना कोणी.
बघतो तर अकराच्या अकरा वाकून
आपापल्या नाड्या आवळतायत.

मी थांबलो. घड्याळात ती मिनिटं
शेवटी धरायची आहेत.