बाहेरगावची प्रत

शुक्रवारी रात्री साडेअकराला शवपेटीचं झाकण उघडायचं
आणि करकर माझ्या घशातून निघायची.
बिजागरी नवी होती, वाजेचना.

वेन्डेल ओस्ट्रॅन्डर उठून बसायचा.
संध्याकाळी सहाला नकाशापुढे हवामान सांगणारा हाच माणूस;
आता गालांना मैदा, डोळ्यांखाली बुटाचं पॉलिश.
"डुलुथच्या मेलेल्यांनो," म्हणायचा,
"आणि पुलापलीकडच्या अर्धमेल्यांनो,
पूल आज वर जाऊन अडकलाय.
पिशाच्च पलीकडेच खोळंबलंय, जरा दमानं घ्या."
पेटीतली गादी लिंडक्विस्टच्या दुकानातली,
म्हणून मधल्या वेळात तिचीच जाहिरात,
आडवा पडून, घोरत.

मग बावीस शहरांनी कार्यक्रम विकत घेतला.
वरून कागद आला: गावाचं नाव नको, तारीख नको,
ऋतूसुद्धा नको.
टूसॉनला बर्फाचं काय कौतुक?
मी कापायला बसले.
पूल कापला. लिंडक्विस्ट कापला.
मुख्याध्यापकांचा टोप, हॉकीतली ती नामुष्की,
"इम्पी, तेल घाल गं त्या बिजागरीला", तेही.
खाली उरला कुठल्याच गावचा नसलेला एक मेलेला माणूस,
सगळीकडे चालणारा.

नोव्हेंबरच्या त्या रात्री मात्र
चित्रपट अर्ध्यात थांबवून तो नकाशापुढे गेला,
तसाच, मैद्यासकट.
वारा किती, लाटा किती, कोणत्या होड्या अजून यायच्यात.
एकेक नाव सावकाश वाचलं.
स्टुडिओत कोणी हसलं नाही.
ती अकरा मिनिटं काढून
मी तिथे जळती मेणबत्ती टाकली, चाळीस सेकंद.

घरची प्रत स्टेशननं पुसली.
टेप महाग; तिच्यावर बोलिंगच्या स्पर्धा भरल्या.
बाहेरगावची तेवढी वाचली.
परवा टूसॉनहून एका बाईंनी पाठवली.
लहानपणी तो त्यांना त्यांच्याच गावचा वाटायचा म्हणे,
मागच्या गल्लीत राहणारा.
मला आधी राग आला. मग नाही.

बघत बसले. करकर आहे तिथंच.
मेणबत्ती जळते, जळतच राहते,
ना आवाज, ना संगीत.
बाईंनी विचारलंय, इथे काय झालं असेल हो?
उत्तराचा कागद तीन दिवस टेबलावर पडलाय.
होड्यांची नावं आठवतायत मला,
एक सोडून.