हरवलं

नायगावच्या पालिका शाळेतला चौथी ब चा वर्ग
संध्याकाळी साडेसातनंतर आमचा.
बेंच नऊ वर्षांच्या पोरांच्या मापाचे.
माझा उजवा गुडघा आत मावत नाही,
तो बाहेर, वाटेत.
येणारा-जाणारा त्याला ओलांडून जातो.

कुटिन्हो मिसनी आज फळ्यावर लिहिलं :
खेळांविषयी बोलायचे शब्द.
क्रिकेट, कॅरम, कबड्डी 'प्ले' करायचं.
योगा 'डू' करायचा.
पोहायला मात्र 'गो'.
सगळं एका 'खेळते'त बसवणाऱ्या आम्हाला
हे म्हणजे एका खोलीत तीन चुली.

वरळीच्या वैतीमामांनी हात वर केला :
होड्यांची शर्यत असते आमच्यात, तिला काय?
मिस म्हणाल्या, रो.
वैतीमामा म्हणाले, हिंदीत तर ते रडणं.
हरल्यावर तेही करतो म्हणा.

'कोर्ट' म्हणजे खेळायची जागा.
शेजारची शबाना पुटपुटली,
मला बांद्र्याचंच माहीत,
तिथे पॉइंट नाही मिळत, तारीख मिळते.

मी इथे का, तर पुढच्या महिन्यापासून
मुलींच्या संघाची मदतनीस कोच.
अहवाल इंग्रजीत द्यायचा :
कोण खेळलं, कोण जिंकलं, कुणाला लागलं.

मी विचारलं, मिस, दम?
ब्रेथ, त्या म्हणाल्या.
मग स्टॅमिना.
'दम धर' मधला असेल तर पेशन्स.
आणि आमचे सर द्यायचे तो?
मिसनी डस्टर खाली ठेवलं, हसल्या.
एवढे शब्द झाले, तरी
मध्यरेषेपलीकडे जाताना छातीत जे धरतो
ते फळ्यावर आलंच नाही.

शेवटी : जिंकणे, हरणे, हरवणे.
वाक्यं करा.
मी आधी मराठीत लिहिते, मग पलीकडे जाते.
लिहिलं : मी वृंदाला हरवलं.

मिस माझ्या वहीवर वाकल्या.
यातलं कुठलं? बीट की लॉस्ट?
बीट म्हणजे तुम्ही तिच्यावर जिंकलात.
लॉस्ट म्हणजे ती सापडत नाही.

मराठीत हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारी होता. मातीवर पाणी मारलेलं,
बांबूला बांधलेल्या दिव्यांभोवती किडे.
वृंदा म्हापसेकर, शेवटची चढाई,
त्यांना दोन गुण हवे होते.
मी डाव्या कोपऱ्यात.
बोनसला तिचा पाय लांबला आणि मी चवडा घेतला,
घोटून घोटून शिकलेला, अगदी स्वच्छ.
सुपारी फुटावी तसा आवाज झाला.
शिट्टी. ढोल. मंडळाच्या बायकांनी मला उचललं.
वरून दिसली :
आडवी पडलेली, हात रेषेकडे,
ओठांवर अजून कबड्डी कबड्डी कबड्डी.
तिने दम सोडला नव्हता.
पंच घड्याळात बघत होते.

दहा-बारा दिवसांनी मोसंबी घेऊन गेले.
दाराला कुलूप.
कुणी म्हणालं खोली विकली, कुणी म्हणालं विरार,
एक म्हातारा म्हणाला, कुठली वृंदा?
मोसंबी मीच खाल्ली, आठवडाभर,
एकेक, साल न फेकता ठेवून.
का, ते माहीत नाही.
माझा स्वतःचा गुडघा गेला तो नंतर,
त्याची गोष्ट साधी आहे,
जिन्यावरून घसरले.

मिस थांबल्या होत्या. खडूचं बोट माझ्या वाक्यावर.
मी म्हटलं, उद्या सांगते.
बाहेर पहारेकरी गेटची साखळी वाजवत होता,
वैतीमामा शबानाला 'ड्रॉ' समजावत होते :
कुणीच नाही जिंकत, पण घरी दोघं जातात.

गृहपाठाला दहा वाक्यं.
नऊ झाली.
दहाव्याच्या जागी नुसतं तिचं नाव लिहून बसले आहे.
मिस म्हणतात, नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं.
काढलं.