बोअर

उद्यमबागेत बावीस वर्षं ह्यांनी भोकंच पाडली.
बुशला, फ्लँजला, पंपाच्या घरांना.
खिशात व्हर्नियर, नखांत काळं तेल,
बोलणं बेताचं.
दोन थाउ इकडंतिकडं झालं
की जॉब भंगारात, एवढं मात्र रोज सांगायचे,
मला त्यातलं काय कळणार.

मोरीच्या फरशीला बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग.
मीच म्हटलं, कारखान्यातलं थोडं आणा की.
आणलं. सोड्याच्या बाटलीत, अर्धी बाटली,
दिसायला पाणीच.
ती बाटली नंतर कुणी कुठं ठेवली
हे आम्ही आजवर बोललो नाही.

सेकंड शिफ्ट करून आले. लाईट गेलेली.
एकच घोट.

बाळव्वा बघून गेली, म्हणाली,
तोंडावर काय न्हाई की गे, देवानं राखलं.
खरंच तोंडावर काही नाही.
मिशा तशाच, गालावरचा तीळ तसाच.
जे झालं ते आत,
जिथं बाळव्वाला हात लावून हळहळता येत नाही.

महिन्याभरानं भात अडला. मग पेज. मग थुंकी.
डॉक्टरांनी कागदावर नळी काढली,
मधेच चिमटली,
म्हणाले, जखम भरली आहे.
मी हात जोडले.
ते म्हणाले, भरली हाच तर त्रास आहे.
आतलं मांस भरत गेलं, भरत गेलं
आणि वाट बुजवून बसलं.

आता दर तिसऱ्या मंगळवारी मच्छ्याहून पहिली बस.
फळ्यावरची कानडी अक्षरं मला वाचता येत नाहीत,
मी ह्यांच्या नावाच्या लांबीवरून ओळखते.
"मष्णू सांबरेकर" अशी हाक येते
आणि हे शर्टाची वरची गुंडी काढत उठतात.

ट्रेमध्ये सळ्या मांडलेल्या. गुळगुळीत, निमुळत्या.
पहिल्या खेपेला ह्यांनी खिशातनं व्हर्नियर काढला.
नर्स ओरडली, डॉक्टर हसले, मापू द्या म्हणाले.
सात. नऊ. अकरा.
"टेपर चांगला काढलाय,"
तीन महिन्यांत ह्यांचं तेवढंच पुरं वाक्य.

परतताना बसमध्ये म्हणाले,
लोखंड बरं गे.
एकदा अकरा केलं की अकराच राहतंय.
हे मांस रात्रीत परत येतंय.

नर्स कानडीत म्हणते, नुंगरी अण्णा, नुंगरी.
त्या शब्दाला मागं 'री' आहे,
पाहुण्याला पाट सरकवल्यासारखा.
माझ्याकडं आहे तो शब्द मी पंचवीस वर्षं
रागातच वापरला.
ताट आदळून म्हणायची, या, गिळा.
आता पेजेची वाटी धरून समोर बसते
आणि तोच शब्द मनात म्हणते, हळू,
ओठ न हलवता.
गिळा. गिळा हो.

यळ्ळूरला भाचीच्या लग्नात मांडे होते.
वाढपी पंगतीत ह्यांना टाळून पुढं गेला,
कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असणार.
ह्यांनी त्याला हाक मारली.
मांडा दुधात कुस्करला, बोटांनी, फार वेळ,
मशीनवर कूलंट सोडून थांबावं तसं थांबले,
मग एक घास.
मी दुसरीकडं बघत होते. कान तिथंच.
थांबला. खाली सरकला. परत थांबला.
मागं पिपाणी वाजत होती,
तरी मला तो गेलेला कळला.

रात्री तहान लागते तेव्हा उठून बसतात.
हल्ली लाईट असते. तरी बाटली आधी
नाकाशी नेतात,
मग माझ्याकडं देतात, काही न बोलता.
मी एक घोट पिते.
मग ते.