आठ मायक्रॉन

उद्यमबागेत रात्रपाळीला
भट्टी बोलते तेव्हा बाकी कुणी बोलत नाही.
मी गेज बोअरमध्ये सोडते. काटा थरथरतो,
थांबतो.
आठ मायक्रॉन जास्त.

आठ मायक्रॉन म्हणजे किती गं, आईनं विचारलं होतं.
तुझा एक केस घे, म्हटलं, उभा चीर, नऊ भाग कर,
त्यातला एक.
एवढ्याचा पगार देतात व्हय?

कमी असता तर पुन्हा घासला असता.
जास्त झालेलं भरून काढता येत नाही.

संध्याकाळी केबिनमधल्या टीव्हीवर तक्ता होता,
कोणता देश कितव्या पायरीवर.
आपण तीन पायऱ्या चढलो म्हणे.
चहा घेऊन आलेलं पोरगं बघत राहिलं :
कुठल्या जिन्यावर ओ?

हॅम्बुर्गची बोट शुक्रवारी.
चीनवाल्यांनी नगामागं अकरा सेंट कमी लावलेत.
मालकांनी रात्र जागून नऊ उतरवले,
उरलेले दोन आमच्या अंगठ्यांवर सोडले.

भरमा कंग्राळकरचा अंगठा तीस वर्षं बोअर वाचतोय.
त्यावरचा ठसा पुसला गेलाय,
रेशनचं मशीन त्याला ओळखत नाही.
तो आत अंगठा फिरवतो, माझ्याकडं बघत नाही.
"बसतंय की बाय. कोण मोजतंय तिकडं?"
आणि मग स्वतःच,
"मोजतंय."

लाल खडू.
चारशे बारा नग, चारशे बारा फुल्या,
दोनशेनंतर मनगट दुखायला लागतं.

"भंगार," भरमा म्हणतो.
गोकाककडचा मल्लप्पा, दुसराच आठवडा त्याचा,
ट्रॉली ढकलता ढकलता थांबतो.
त्याच्या घरी बंगार म्हणजे सोनं.
"एष्टु बंगार री?"
चारशे बारा, मी बोटांनी सांगते.
त्याचे डोळे मोठे होतात, मग फुल्या दिसतात,
आणि आधी तो हसतो की भरमा, कळत नाही,
भट्टीचा आवाजही क्षणभर मागं सरतो.

मालक येतात. ओरडत नाहीत.
गेज हातात घेतात, एक नग मोजतात,
दुसरा मोजतात,
एखाद्याची नाडी बघावी तसे
काट्याकडं बघत उभे राहतात.
"लिहा त्यांना, आठ दिवस उशीर होईल."
कारणाच्या रकान्यात काय लिहू, ते सांगत नाहीत.
मी खरं ते लिहिते.

पहाटे ट्रॉली भट्टीच्या तोंडाशी.
मल्लप्पा एकेक आत सोडतो, हळू,
मोजून.
लाल फुली आधी जळते.
लोखंडाला जरा वेळ लागतो.